आईला गाडीत बसवताना नेमकं कुठे अडतं?

मागच्या महिन्यात या पानावर घरातल्या ज्येष्ठांना घराबाहेर कसं न्यायचं यावर लिहिताना गाडीच्या फिरत्या सीटचा जेमतेम दोन ओळींचा उल्लेख केला होता, आणि त्या दोन ओळींवरच तुमची इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळी अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत यासाठी मदत करणं हे माझं काम, आणि त्यात अंघोळ आणि कपडे यांच्या खालोखाल माझा वेळ कशात गेला असेल तर पार्किंगमध्ये उभं राहून लोकांना गाडीत बसायला शिकवण्यात. नावं सगळ्यांची काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : ताई, आई 76 वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशनला तयार नाही. आमच्याकडे वॅगन-आर आहे. बातम्यांत पाहिलं की आता तिला फिरणारी सीट बसवून मिळते, साठेक हजार खर्च आहे म्हणतात. पैशाचं जमवू पण उपयोग होईल का? आई हल्ली कुठल्या लग्नालाही येत नाही, "मी घरीच बरी" म्हणते. (सातारा)

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. "मी घरीच बरी" असं म्हणणाऱ्या दहा आयांपैकी बऱ्याच जणींना घरी अजिबात बरं वाटत नसतं हो, त्यांना सगळ्यांसमोर गाडीतून ओढून काढलं जाणं नको असतं. मांडवाच्या दारात गाडी थांबते, मागे चार गाड्या हॉर्न मारतात, एक भाचा काखेत हात घालतो, दुसरा पाय ओढतो, साडी गुडघ्यापर्यंत वर जाते आणि पाहुणे बघत असतात. एकदा असं झालं की पुढच्या लग्नाला बाई घरीच बरी. म्हणून तुम्ही सीटचा विचार करताय हे मला फार आवडलं.

आधी सीटबद्दल. मारुतीने डिसेंबर 2025 मध्ये वॅगन-आरसाठी ही सीट आणली, बंगळुरूच्या ट्रूअसिस्ट नावाच्या स्टार्टअपसोबत, आणि सुरुवात 11 शहरांत पायलट म्हणून केली. ती ड्रायव्हरशेजारच्या पुढच्या सीटच्या जागी बसते, गाडीचा सांगाडा कापावा लागत नाही, काम साधारण तासाभराचं, वॉरंटी 3 वर्षांची, आणि टेस्टिंग आपल्या पुण्याच्या एआरएआयचं, म्हणजे वेताळ टेकडीवरच्या त्याच संस्थेचं जिथे देशभरातल्या गाड्या तपासल्या जातात. नवीन गाडीला बसते तशी आधी घेतलेल्या गाडीलाही बसवता येते, पण तुमचं मॉडेल आणि तुमचं शहर यात येतं का ते डीलरला आरसी दाखवूनच विचारा, फोनवर "हो हो बसते" म्हणतील त्यावर जाऊ नका.

आता महत्त्वाचं. ही सीट दाराकडे वळते. आई रस्त्याकडे तोंड करून बसते आणि मग सीटसकट आत वळते, म्हणजे कमरेतून पीळ बसत नाही आणि गुडघ्यावर तिरका जोर येत नाही. पण ती सीट आईला उचलून उभं करत नाही! हे कितीतरी लोकांच्या लक्षातच येत नाही. उचलणाऱ्या सीटा वेगळ्या, त्या मोटरवर चालतात, गाडीच्या बाहेर येऊन खाली उतरतात आणि त्यांचा खर्च कुठल्या कुठे जातो.

म्हणून पैसे भरायच्या आधी एक काम करा. आईला विचारून, तिची हरकत नसेल तर, ती गाडीत बसताना आणि उतरताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, मदत न करता, शेजारी फक्त उभं राहून. आणि मग शांतपणे बघा की नेमकं कुठे अडतं. खाली टेकताना शेवटच्या चार बोटांत धपकन बसते का, डोकं वाकवताना घाबरते का, बूड मागे सरकवताना दमते का, की पाय आत घेताना तोंड वाकडं होतं. या चारही वेगळ्या अडचणी आहेत आणि चारींचे उपाय वेगळे आहेत. पाय आत घेताना दुखत असेल तर फिरती सीट म्हणजे तुमच्यासाठी वरदान. पण बसता-उठताना दुखत असेल तर प्रश्न सीटच्या उंचीचा आहे, आणि तो टेपने सुटतो. आईला घरात चप्पल घालून उभं करा आणि गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा. मग गाडीची सीट जमिनीपासून मोजा, तीही आई बसल्यावर कुशन जेवढं दबतं तेवढं दाबून. सीट त्या घडीपेक्षा दोन-चार इंच वर असेल तर दुखऱ्या गुडघ्याला उठणं सोपं जातं, घडीच्या खाली असेल तर कितीही फिरती सीट लावा, उठताना जीव जाणारच. वॅगन-आर उंच बांध्याची असल्याने बऱ्याच बायकांना ती बरोबर येते हे मी पाहिलंय.

हे "कुठे अडतं" मी शिकले ते माझ्या बाबांकडून. त्यांना पॅरालिसिस झाला तेव्हा मी सात-आठ वर्षं या कामात होते आणि तरी वर्षभर मी त्यांच्या पायाचे व्यायाम घेत बसले, कारण गाडीपाशी आले की ते थांबायचे, पाय उचलायचेच नाहीत. एक दिवस मी समोरून बघितलं, रोज मागून बघायचे. त्यांचे डोळे पायाकडे नव्हतेच, दाराच्या वरच्या कडेकडे होते. हॉस्पिटलमधून घरी येताना कपाळ त्या कडेवर आपटून खोक पडली होती, टाके नव्हते पडले म्हणून आम्ही सगळे विसरलो होतो, ते विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी आईचा जुना मऊ टॉवेल त्या कडेवर चिकटपट्टीने लावला आणि माझा तळहात त्यांच्या डोक्यावर ठेवला. बसले. त्यासाठी वर्ष गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

साताऱ्याच्या ताई, फिरती सीट घ्यायचं ठरलं तर आईला प्रत्यक्ष सीटवर बसवून, फिरवून मगच घ्या. फिरणारी चकती सीटच्या खाली येते म्हणून बसायची जागा थोडी वर उचलली जाते, आई उंच असेल तर डोकं छताला लागतंय का बघा. आणि वळताना गुडघे आणि चपला दाराच्या पुढच्या खांबाला अडतात का तेही बघा, सगळ्यात जास्त हेच नडतं. साडी नेसूनच ट्रायल घ्या, घरच्या गाऊनवर नको. निऱ्या सीटच्या खाली जाऊ शकतात हे ड्रेस घालून कळत नाही.

प्रश्न : मिस्टरांना डाव्या बाजूचा पॅरालिसिस आहे, काठी घेऊन चालतात. आमची गाडी सेडान आहे. मुलगा म्हणतो मागे बसवू म्हणजे सेफ, पण मागे बसताना फार त्रास होतो. त्यांना कुठल्या बाजूला बसवावं? (नागपूर)

उत्तर : पुढे, ड्रायव्हरच्या डावीकडे. सांगते का ते, आणि हे वाचताना एकदा खुर्चीत बसून करून बघा म्हणजे पटेल.

डाव्या दाराशी पाठ गाडीकडे करून उभं राहिलं की उजव्या हाताला डॅशबोर्ड आणि उघडं दार येतं, आणि डाव्या हाताला सीटची पाठ. तुमच्या मिस्टरांचा उजवा हात चांगला, म्हणजे चांगला हात डॅशबोर्डवर टेकवून ते हळूहळू खाली बसू शकतात. मग आत वळताना उजवा पाय आधी जातो, तोही चांगला. तो आत टेकला की उजव्या हाताने डावा पाय मांडीखालून उचलून आत घ्यायचा, आणि हात पुरत नसेल तर एक रुंद पट्टा, जुन्या ट्रॅव्हल बॅगेचा चालेल, त्याची सैल गाठ करून पावलाखाली अडकवायची आणि वर ओढायची. उतरताना याच्या उलट, डावा पाय आधी बाहेर, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली की मगच उठायचं.

उजवा हात टेकवायला सगळे लोक उघडं दार पकडतात, ते नको. दार हलतं. डॅशबोर्ड हलत नाही. बाजारात एक आधाराचा छोटा दांडा मिळतो, दार जिथे लॉक होतं तिथे चौकटीवर यू आकाराचा लोखंडी हूक असतो त्यात अडकवायचा, चांगली वस्तू आहे पण डाव्या दारात तो हूक मागच्या खांबावर म्हणजे बसणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो, आणि तुमच्या मिस्टरांचा नेमका डावाच हात काम करत नाही. उजवी बाजू गेलेल्या माणसाला मात्र डाव्या दारात हाच दांडा उत्तम. लोक ऑनलाइन मागवतात आणि मग म्हणतात काही उपयोग झाला नाही, तो याच कारणाने. उजव्या बाजूच्या मागच्या दारात बसवलं तर दांडा त्यांच्या चांगल्या हाताला येईल, पण ती ट्रॅफिकची बाजू, भर रस्त्यात तिकडून उतरवू नका, घराच्या आवारात वाटल्यास.

सेडानची सीट बुटकी असते म्हणून अजून एक गोष्ट, गाडी फूटपाथला चिकटवून लावू नका. फूटपाथवर उभं राहिलं की तीच सीट तेवढी आणखी खाली जाते. गाडी फूटपाथपासून दोन-तीन फूट लांब लावा, त्यांना डांबरावर उभं करा, फूटपाथची सगळी उंची वाचते. बसवण्याआधी सीट पूर्ण मागे सरकवा आणि पाठ थोडी कलती करा, डोक्याला जागा होते. आणि त्यांच्या डाव्या काखेत हात घालून कधीही उचलू नका, मुलालाही सांगा, पॅरालिसिसच्या बाजूचा खांदा सैल असतो, एका झटक्यात निखळतो आणि ते दुखणं महिनोन्महिने जात नाही. धरायचंच तर कमरेला पट्टा बांधून तो धरा.

"चला चला लवकर" म्हणू नका एवढी एक विनंती. तीन मिनिटं लागतील. लागू देत.

प्रश्न : आम्ही नवीन एसयूव्ही घेतली आणि आता सासूबाईंना चढताच येत नाही. परत करायची का? (म्हापसा, गोवा)

उत्तर : परत नका करू. तुमचा प्रश्न नागपूरच्या उलटा, म्हणून उपायही उलटा. गाडी फूटपाथला किंवा घराच्या पायरीला चिकटवून लावा म्हणजे चढ तेवढा कमी होतो. साइड स्टेप बसवून घ्या, रुंद, अख्खं पाऊल मावेल अशी आणि वर खरखरीत रबर असलेली, पातळ चकचकीत पाइप नको, तुमच्याकडच्या पावसात त्यावरून पाय घसरायला वेळ लागत नाही. आणि त्या स्टेपवर चढून तोंड आत करून घुसायचं नाही, स्टेपवर उभं राहून हँडल धरून वळायचं, आधी बूड सीटवर, मग पाय. हे नाहीच जमलं तर हँडल असलेलं एक पायरीचं स्टूल डिकीत ठेवा.

पुढच्या वेळी गाडी घ्यायला सासूबाईंना शोरूममध्ये घेऊन जा. दार किती उघडतं तेसुद्धा तिथे बघा, टाटाच्या अल्ट्रोज आणि पंचची दारं 90 अंशांत उघडतात, अशा दारात माणूस सरळ पाठ करून उभा राहू शकतो आणि काठी किंवा वॉकरही जवळ ठेवता येतो. मायलेज सगळे विचारतात, दार कुणी विचारत नाही.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी खुब्याचं रिप्लेसमेंट झालंय (वय 64), पुढच्या आठवड्यात टाके... सॉरी, फॉलोअपला जायचंय. गाडीत कसं बसू? (नाशिक)

उत्तर : काका, तुमच्या सर्जनने ज्या हालचाली बंद केल्यात त्या सगळ्यात आधी, माझं नंतर. कारण ऑपरेशन पुढून केलंय की मागून यावर बंधनं बदलतात. पण साधारण नियम असा की गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, पुढे जास्त वाकायचं नाही आणि ऑपरेशनच्या पायावर अंग पिळायचं नाही. म्हणून पुढची सीट, पूर्ण मागे, पाठ कलती, आणि बसायची जागा खोलगट असेल तर कडक फोमचं कुशन किंवा घट्ट घडी केलेली चादर घालून सपाट करा. मऊ उशी नको, ती दबते आणि तुम्ही पुन्हा खड्ड्यात.

बसताना ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवायचा, हात मागे नेऊन सीट चाचपायची, टेकायचं, आणि मग मागे ड्रायव्हरच्या बाजूला सरकत सरकत दोन्ही पाय एकत्र आत. सरकायला सोपं जावं म्हणून सीटवर एक मोठी प्लास्टिकची पिशवी अंथरा, कापडी सीट असेल तर फारच फरक पडतो, टर्किश टॉवेलचं कव्हर असेल तर ते काढूनच टाका, ते अंगाला धरून ठेवतं. पण बसून झालं की ती पिशवी खालून ओढून काढायची, हे विसरू नका! पिशवी तशीच राहिली आणि जोरात ब्रेक लागला तर माणूस बेल्टच्या खालून पुढे घसरतो.

तास-दीड तासाचा प्रवास असेल तर मध्ये एकदा थांबून उतरा, उभे राहा.

प्रश्न : ऑनलाइन गोल फिरणारं कुशन घेतलं. बाबा म्हणतात गाडी वळली की मीपण वळतो. (ठाणे)

उत्तर : बाबा बरोबर सांगतायत आणि हे धोक्याचं आहे. ते कुशन दोन चकत्यांचं असतं, चढा-उतरायच्या वेळेपुरतं ठीक, पण गाडी चालू असताना ते बाबांच्या अंगाखाली राहू द्यायचं नाही. शिवाय गाडीची सीट खोलगट आणि कलती, त्यात गोल कुशन नीट बसतही नाही, सपाट खुर्चीवर ते जास्त चांगलं चालतं. त्याऐवजी वरच्या काकांना सांगितलेली पिशवी वापरा, फुकट आहे आणि काढता येते. कुशन घरात जेवणाच्या खुर्चीवर ठेवा, वाया जाणार नाही.

प्रश्न : मला लहानपणापासून पोलिओ आहे, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि व्हीलचेअर दोन्ही वापरतो. घरच्या गाडीला सीट बदलून घ्यायची आहे. आरटीओला कळवावं लागतं का? इन्शुरन्सवाला नंतर क्लेम नाकारेल असं मित्र घाबरवतात. आणि अपंगांना जीएसटीत सवलत मिळते ना? (कोल्हापूर)

उत्तर : दादा, तुमच्यासारखे प्रश्न विचारणारे लोक कमी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोटार वाहन कायद्यात अपंग व्यक्तीसाठी बदल करून घेतलेल्या गाडीची वेगळी व्याख्याच आहे, आणि त्यात त्या व्यक्तीने स्वतः चालवलेली गाडीच नाही तर त्या व्यक्तीसाठी वापरलेली गाडीही येते. गाडीतल्या बदलांचं कलम 52 आहे. तेव्हा सीट बसवणाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेट आणि पक्कं बिल घ्या, आरटीओत अर्ज करा आणि आरसीवर नोंद मागा. सांगाडा कापलेला नाही म्हणून नोंदीची गरज नाही असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. आणि सीट बसवायच्या आधी, नंतर नाही, विमा कंपनीला मेल टाका. मित्र घाबरवतात ते अगदीच खोटं नाही, न सांगता केलेल्या बदलावर कंपनी बोट ठेवू शकते. उलट नोंद केल्याचा फायदा असा की मोटर विम्याच्या टॅरिफमध्ये आयएमटी 12 म्हणून एक कलम आहे, अपंग व्यक्तीसाठी खास बदललेल्या गाडीला ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर 50 टक्के सवलतीचं, आरसीवर नोंद असली की मागता येतं. एजंट स्वतःहून सांगत नाहीत, तुम्ही नंबरासकट विचारा.

जीएसटीचं असं की पूर्वी छोट्या गाड्यांवर 28 टक्के होता आणि 40 टक्के किंवा जास्त हालचालीचं अपंगत्व असलेल्यांना अवजड उद्योग मंत्रालयाच्या सर्टिफिकेटवर 18 टक्क्यांत गाडी मिळायची. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या सगळ्यांनाच 18 टक्क्यांत आल्या, म्हणजे तुमचा जो फरक होता तो राहिलाच नाही. गाड्या स्वस्त झाल्या म्हणून पेढे वाटले गेले तेव्हा हे फारसं कुणी बोललं नाही. अपंगांच्या गाडीला जास्तीचा खर्च असतोच, सीटचा, हाताने चालवायच्या ब्रेकचा, म्हणून ती सवलत होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 41 मध्ये तर सवलती, प्रोत्साहन आणि गाड्यांमध्ये असे बदल करून घेणं यांच्या योजना सरकारने कराव्यात असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही मागताय ती मेहेरबानी नाही, त्या कायद्यात आहे ते मागताय. खासदारांना पत्र लिहाल तेव्हा हा कलमाचा आकडा टाका.

आता प्रत्यक्ष बसण्याचं. व्हीलचेअरची सीट आणि गाडीची सीट यांच्या उंचीत फरक किती ते मोजा. दोन्ही जवळपास सारख्या असतील तर गुळगुळीत घासलेल्या फळीवरून सरकत जाता येतं, सुतार अर्ध्या दिवसात करून देतो, कडा गोल घासून घ्या आणि सनमायका लावा. गाडीची सीट जास्त वर असेल तर हाताच्या जोरावर चढावं लागतं आणि वीस वर्षांनी खांदे बोलायला लागतात, तुमचे हात हेच तुमचे पाय आहेत, ते जपा. कॅलिपरचं लॉक बसल्यावरच उघडायचं, म्हणजे तोपर्यंत पाय सरळ राहणार, म्हणून फिरत्या सीटच्या ट्रायलला कॅलिपर घालूनच जा, सरळ पाय दारातून वळतो का ते तिथेच कळेल.

एक अजून. सीट बदलताना मूळ सीटच्या पाठीत साइड एअरबॅग आहे का आणि सीटखाली सेन्सरच्या वायरी आहेत का, हे विचारल्याशिवाय कुठल्याही गॅरेजला हात लावू देऊ नका. सीट कव्हरच्या दुकानात "करून देतो की साहेब" म्हणणारे भेटतील. वेल्डिंग करून बसवलेली सीट अपघातात जागेवर राहीलच असं नाही.

प्रश्न : आई-बाबा दरवर्षी सहा महिने येतात, आईला हल्ली आमच्या व्हॅनमध्ये चढवत नाही. (न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्याकडे पर्याय आमच्यापेक्षा कितीतरी आहेत. टोयोटा सिएनाच्या मागच्या पिढीत, म्हणजे 2020 पर्यंतच्या, कंपनीनेच बसवलेली अशी सीट मिळायची जी मधल्या रांगेतून वळून दाराबाहेर येते आणि खाली उतरते, सेकंडहँड शोधा. सहा महिन्यांसाठी एवढं नको असेल तर पुढची सीट, आधाराचा दांडा आणि पायरीचं स्टूल. आणि थंडीत आईला जाड कोट घालून गाडीत बसवू नका, कोटाने तिला वळताही येत नाही आणि बेल्टही अंगाला घट्ट बसत नाही. आधी बसवा, बेल्ट लावा, मग कोट मांडीवर पांघरा.

प्रश्न : तुम्ही नेहमी गाडीवाल्यांचंच लिहिता. आमच्याकडे गाडी नाही. वडील 79, गुडघेदुखी, महिन्याला तालुक्याला दवाखान्यात न्यायचं, एसटी नाहीतर सहा आसनी. एसटी फुकट आहे पण चढायचं कसं? (बीड जिल्हा)

उत्तर : तुमचं खरं आहे, आणि मला ते लागलं. वर सगळं गाडीवाल्यांचंच झालंय.

75 च्या पुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट आहे, 65 ते 75 ला अर्धं तिकीट, ही फार चांगली गोष्ट झाली. पण तिकिटाचे पैसे वाचले तरी पायरी तेवढीच उंच राहिली. शहरातल्या लो-फ्लोअर बसचा तळ जमिनीपासून 400 मिलिमीटर म्हणजे सोळा इंचांच्या आसपास असतो आणि त्यातल्या बऱ्याच बस थांब्यावर एका बाजूला झुकतात, तशी गाडी तालुक्याच्या रस्त्यावर अजून यायची आहे. साध्या एसटीची पहिली पायरीच गुडघादुखीवाल्याला डोंगर वाटते.

तोपर्यंत एवढं करा. शक्यतो जिथून एसटी सुटते त्या स्टँडवरूनच बसवा, मधल्या फाट्यावर नको, स्टँडवर गाडी उभी असते आणि कंडक्टरला दोन मिनिटं मागता येतात. मागा, संकोच नको. आणि फाट्यावरूनच बसायची वेळ आली तर रस्त्याच्या कडेला खड्ड्यात उभे राहू नका, थोडा उंचवटा बघून उभे राहा, चार इंचांनीही फरक पडतो. चढताना बरा पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. दोन्ही हातांनी दोन्हीकडचे दांडे धरायला हवेत, म्हणून पिशवी, डबा, रिपोर्टची फाइल सगळं तुमच्याकडे, त्यांच्या हातात काहीही नको. तुम्ही चढताना त्यांच्या मागे आणि उतरताना त्यांच्या पुढे, खाली उभे, हात त्यांच्या कमरेशी. बसायला दाराजवळची सीट, ज्येष्ठांसाठी राखीव असते, कुणी बसलं असेल तर उठवा. आतल्या बाजूच्या सीटवर नको, कडेच्या सीटवर बसवा म्हणजे पाय पॅसेजमध्ये काढून उठता येईल.

सहा आसनीत किंवा रिक्षात लोक डोकं आधी घालतात आणि मग आत अर्धवट वाकून वळत बसतात, गुडघ्यावर सगळा भार त्या वळण्यातच येतो. उलटं करा. पाठ रिक्षाकडे, एका हाताने मधला दांडा, बूड सीटच्या कडेवर टेकवायचं, डोकं वाकवायचं, मागे सरकायचं आणि मग पाय. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की बसून होईपर्यंत गिअर टाकू नको. आणि कडेला टोकाशी बसवू नका, बाहेर पडतील, बसल्यावर एक जागा आत सरकवा आणि टोकाला तुम्ही.

माझ्याकडे एक जण गावाकडून वडिलांना घेऊन यायचे, सोबत घरचा लाकडी पाट असायचा, जेवायला बसायचा तोच, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले म्हणजे घसरू नये. एसटीच्या पायरीपुढे पाट ठेवायचा, वडील चढले की पाट काखेत मारून हे मागून चढायचे. पाट रुंद हवा, दोन्ही पावलं मावतील असा, आणि उंची पायरीच्या निम्मी. तुमच्या वडिलांच्या गुडघ्यामागच्या घडीची उंची आणि त्या एसटीच्या पहिल्या पायरीची उंची, दोन्ही मोजून मला कळवा, पाट किती उंच करायचा ते मी सांगते.